सोळा वर्षांचा नेम

मनोहररावांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या धरमपेठेला माहीत होतं, कारण तेही त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं मॅचिंग सेंटर. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस आणि भिंतभर दोऱ्याची रिळं. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसरीनं पायरीवरच थांबायचं. आणि त्या पायरीवर उभ्याउभ्या बायकांना कळायचं, कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली. त्यांची थोरली कामिनी म्हणायची, आमच्या घरात भांडायचं असेल तर खिडक्या लावून भागत नाही, आधी बाबांना बाहेर पाठवावं लागतं.

पण रंगाच्या बाबतीत माणूस एकदम पक्का. कितीही गर्दी असो, साडीचा पदर आणि हातात तीन रिळं घेऊन ते पायरी उतरायचे आणि गल्लीत उन्हात जाऊन उभे राहायचे. ट्यूबलाइट खोटं बोलते, म्हणायचे. उन्हात पाहिल्याशिवाय त्यांनी कधी दोरा कापून दिला नाही. एखादी नवखी पोरगी येऊन नुसतं 'पांढरा द्या' म्हणाली की हे खूश. पांढऱ्यात चौदा शेडी आहेत बेटा, तुझा कोणता?

आता नेमाची गोष्ट.

कामिनी दहा वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाला, ऋषिकेशला, डेंग्यू झाला. सहा वर्षांचं पोर, आठ दिवस सलाईनवर. नवव्या दिवशी त्यानं डोळे उघडून मॅगी मागितली आणि सगळ्या घरानं श्वास सोडला. तो घरी आला त्याच आठवड्यात आईनं, म्हणजे इंदुताईनं, आपलं अंथरूण उचललं आणि देवघराच्या खोलीत नेऊन टाकलं. कोराडीच्या देवीला बोलली होती म्हणे. पोरगं वाचलं तर जन्मभर संसारातून अंग काढून घेईन. अंथरूण वेगळं, आणि नवऱ्याचा हात अंगाला लागू द्यायचा नाही.

मनोहरराव दोन दिवस जेवले नाहीत. मग त्यांना आठवलं की दवाखान्याच्या जिन्यावर बसून त्यांनीही देवीला काय काय कबूल केलं होतं; त्यांचं नारळावर भागलं, बायकोचं नाही भागलं, एवढंच. तिनं शब्द दिला आहे तर आपण तो पाळायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दुकानाचं शटर वर केलं.

झालं. नवरात्र येईस्तोवर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही इंदुताईचा नेम माहीत होता. शेजारच्या रंभाबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि नको नको म्हणता तिच्या पायांवर पाणी घालून गेल्या. पुढच्या वर्षी सात जणी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी सीताबर्डीवरून दोघी ऑटो करून आल्या. आई पाटावर बसायची, मान खाली, आणि पाय असे ओढून घ्यायची की जणू पाणी उकळतं आहे. कामिनीला वाटायचं, किती ही विनम्र बाई.

नेम वाढतही गेला. त्याच वर्षी आईनं आंबट सोडलं. जी बाई वाटीभर चिंचेचं सार नुसतं प्यायची, आंब्याच्या लोणच्याची फोड साखरेसारखी चोखायची, ती ताकाला शिवेना. बाबांनी तेही गिऱ्हाइकांना सांगितलं. आणि हाताचं तर असं होतं, की ऑटोतून उतरताना आईचा पाय अडखळला तर बाबा आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं एक टोक पुढे करायचे. आई ते टोक धरायची. दुसरं टोक बाबांच्या मुठीत. असे दोघं रस्ता ओलांडायचे, दुपट्टा मधे ताणलेला. कामिनी आणि ऋषिकेश मागून हसायचे. कॉलेजच्या मैत्रिणींना तिनं ही गोष्ट हजार वेळा सांगितली होती आणि हजार वेळा टाळ्याही घेतल्या होत्या.

त्या टाळ्या तिला पुढे फार टोचल्या.

कामिनी आता सव्वीस वर्षांची. वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या बिल्ट्या काढायची, दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायची आणि संध्याकाळी घसा बसवून घरी यायची. ऋषिकेश पुण्याला नोकरीला लागला होता. तिच्यासाठी स्थळं येत होती, जात होती. तिला घाई नव्हती, आईलाच होती. फाल्गुन संपत आला तेव्हा एकदा तिला न्हाणीघराच्या मागे बादलीत भिजत घातलेला आईचा परकर दिसला. पाणी लाल. पंधरा दिवसांनी परत. आईची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. पॅडचं उरलेलं पाकीट तिनंच कामिनीच्या कपाटात आणून ठेवलं होतं, आता तूच वापर म्हणून. विचारलं तर म्हणाली, उष्णता झाली असेल, सब्जा घेते.

कामिनीनं गोदामात बसल्याबसल्या मोबाइलवर वाचलं, पाळी गेल्यावर रक्त जाणं चांगलं नाही. तिनं लेडी डॉक्टरची वेळ घेतली. आईला चतुर्थी निघाली. दुसऱ्यांदा घेतली तर पाहुणे निघाले. तिसऱ्यांदा तर ऑटो दारात उभा असताना आईचा गुडघा धरला. चौथ्यांदा कामिनीनं वेळ घेतलीच नाही. रविवारी सकाळी दोघी गच्चीवर कुरडया घालत होत्या, खाली बाबांचा रेडिओ चालू होता, तेव्हा तिनं आपला सोऱ्या खाली ठेवला आणि सरळ विचारलं.

"आई, तू डॉक्टरकडे काहून येत नाही? खरं सांग."

आई कुरडईचा वेढा पूर्ण करत राहिली. मग म्हणाली, "तपासतात ना त्या. कपडे काढून."

"मग? बाईच राहते ना ती."

"बाई असली तरी तिले डोळे राहतात ना वं."

आणि मग पातळावर ओळीनं चिकटलेल्या त्या पांढऱ्या कुरडयांकडे पाहत आईनं सांगितलं. सोळा वर्षांपूर्वी, ऋषिकेश दवाखान्यात होता त्याच्याही आधी, आंघोळ करताना तिला एक डाग दिसला होता. लघवीच्या जागेजवळ, मांडीच्या सांध्यात, नखाएवढा पांढरा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. दोन महिन्यांत रुपयाएवढा झाला. मग दोन्हीकडून पसरला. आज तिथलं सगळं पांढरं आहे. हातावर नाही, तोंडावर नाही, पाठीवर नाही. देवानं जागा पाहून दिलं, म्हणाली.

कामिनीला पहिल्यांदा तर कळलंच नाही. मग कळलं, आणि कळलेलं सगळं उलटं फिरून मागे गेलं. देवघरातलं अंथरूण, दुपट्टा, पाटावर ओढून घेतलेले पाय.

"म्हणजे नेम..."

"कशाचा नेम. मले काही सुचलंच नाही दुसरं."

आईची मोठी बहीण होती, देवकी. कन्हानला माहेरी. देवकीच्या ओठावर कोड फुटलं होतं, सतराव्या वर्षी. तिची तीन स्थळं मोडली, आणि तेवढ्यावर थांबलं नाही. कोडाचं घर म्हणून इंदूचीही दोन मोडली. देवकीचं ताट वेगळं, पेला वेगळा, लग्नात हळद लावायला तिनं उठायचं नाही. तिशीत कावीळ होऊन ती गेली तेव्हा भावकीतली एकही बाई आंघोळ घालायला पुढे आली नाही. बाहेरून एक बाई पैसे देऊन आणली. तिनंही दारातून मग्ग्यानं पाणी फेकलं, झाडाला घालतात तसं. इंदू तेव्हा कामिनीच्या वेळेस सात महिन्यांची गरोदर, म्हणून तिला आत सोडलं नव्हतं. ती खिडकीतून पाहत होती.

"मले वाटलं, हे बाहेर पडलं तर माह्या पोरीचं काय होईल. आणि तुह्या बाबाले सांगितलं म्हणजे दुकानात सांगितलं." आई हसली. हसली तेच वाईट होतं. "मनात म्हटलं, तुयं लग्न झालं का सांगीन. मग त्या बायका पाया पडायले लागल्या. त्याईनं मले देवी करून बसवलं. देवीनं खाली कसं उतरायचं वं?"

सक्करदऱ्याच्या एका वैद्याकडून तिनं चोरून बावचीचं तेल आणलं होतं. लावा आणि त्या जागेला अर्धा तास ऊन दाखवा, असं त्यानं सांगितलं. कुठे डाग आहे ते तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. मांडीवर म्हणाली होती. त्या जागेला ऊन कुठून दाखवायचं? भर दुपारी, सगळे झोपले की ती इथेच, या पाण्याच्या टाकीमागे, चादरीचा आडोसा करून बसायची. चौथ्या दिवशी शेजारच्या गच्चीवर रंभाबाई मिरच्या वाळवायला आल्या. आई तशीच दोन तास दबून बसली. टरटरून फोड आले. महिनाभर चालता येईना, तर बाबांनी दुकानात सांगितलं, इंदूनं उंबरा न ओलांडायचाही नेम धरला वाटते.

हे ऐकताना कामिनीला हसूही आलं. आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून एवढी रडली, की अर्धी कुरडईची ओळ तिच्या केसांना चिकटली. आई ती एकेक करून सोडवत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर तिशीतली, चटपट बोलणारी. पडद्याआड तपासलं, हात धुतले आणि आधी डागांचंच बोलली, कारण आईचे डोळे तेच विचारत होते. म्हणाली, मावशी, हे कोड निरुपद्रवी आहे. नुसता रंग गेला आहे, बाकी काही नाही. कोणाला लागत नाही, नवऱ्याला नाही, मुलांना हात लावून नाही. औषधं असतात, नाही घेतली तरी काही बिघडत नाही. आणि आंबट खाण्याशी याचा काडीचा संबंध नाही. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि रक्ताचं बोलली. ते बोलताना ती चटपट नव्हती. तुकडा काढून पाठवला, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तो पिशवीबाहेर गेला होता. दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर, असं डॉक्टर म्हणाली आणि वाक्य अर्धंच सोडलं.

जे आईनं लपवलं ते कशालाच कारणीभूत नव्हतं. लपवणंच नडलं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यातून परतताना आई ऑटोत बाहेर पाहत होती. शंकरनगरच्या चौकात म्हणाली, "आंबटाचा संबंध नाही म्हणे." घरी आल्यावर कामिनीनं बरणी काढली. आईनं लोणच्याची एक फोड ताटलीत घेतली, बोटानं मसाला बाजूला केला, आणि चोखली. डोळे मिटले. सोळा वर्षांनी. मग दुसरी घेतली. तिसरीला थोरल्या जावेचं नाव घेऊन म्हणाली, "कुसुमताईनं घातलं वाटते, मीठ लय झालं," आणि फोड तशीच तोंडात ठेवून रडायला लागली.

बाबांना कॅन्सरचं सांगितलं. बाकीचं नाही. बाबांनी हेही दुकानात सांगितलं, पण पायरीवर नाही, आत बसून, हळू आवाजात, जणू कोणी दुरुस्तीचा पत्ता सांगेल म्हणून. मेडिकल चौकापर्यंतच्या चकरा, किरणांचे शेक, सलाईन, सगळीकडे ते बरोबर. पण नर्स चादर बदलायला आली की स्वतःच उठून बाहेर जायचे. तिचा नेम आहे, म्हणायचे. आईला स्ट्रेचरवरून पलंगावर घ्यायचं असलं तर वॉर्डबॉय, कामिनी, नात्यातलं कोणीही हात लावायचं; बाबा दुपट्टा मुठीत धरून भिंतीशी उभे. कामिनीला वाटायचं, जाऊन त्यांच्या हातातून तो दुपट्टा हिसकावून घ्यावा.

तिनं आईच्या मागे किती लकडा लावला. सांगून टाक. एकदाच सांग. तूच सांग नाहीतर मी सांगते. आई मान हलवायची. सोळा वर्षं एक माणूस खोट्या देवीचा मान राखत आला, आता त्याला काय सांगू, की तुझी सोळा वर्षं मी फुकट घालवली? पोळ्याच्या आसपास तिचं पाणीसुद्धा सुटलं, तेव्हा तिनं कामिनीचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, नखंच तेवढी रुतली.

"आंघोळ तू एकटी घालशील. कुसुमताईले नाही, रंभाबाईले नाही, कोणाले आत येऊ देशील नाही. तुह्या बाबाले तर नाहीच. वचन दे."

कामिनीनं वचन दिलं. दुसरं काय करणार होती?

चार दिवसांनी, सकाळी नऊच्या सुमाराला, बाबा चहा गाळत असताना आई गेली.

दुपारपर्यंत घर भरलं. पुण्याहून ऋषिकेश निघाला होता. कुसुमताई, म्हणजे बाबांची थोरली वहिनी, सगळ्यांच्या आधी पोचल्या आणि त्यांनी कारभार हातात घेतला. सवाष्ण गेली आहे, तेव्हा पाच सवाष्णींनी हळद लावून न्हाऊ घालायचं, हिरवं पातळ, मळवट, ओटी. हिरवं पातळ आईच्या पेटीत होतं, त्यावरचं ब्लाउज नव्हतं. बाबा उठले, पातळ काखेत घेतलं, चपला घातल्या आणि निघून गेले. कामिनीच्या लक्षात आलं तशी ती मागे धावली. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. बाबा गल्लीत उन्हात उभे होते, एका हातात आईच्या हिरव्या पातळाचा पदर, दुसऱ्या हातात तीन ब्लाउजपीस. एक एक पदराला लावून पाहत होते. हा थोडा मेंदीकडे जातो, म्हणाले, कामिनीला की स्वतःलाच. हा कच्च्या आंब्याचा. हा बरोबर आहे. शिवायले वेळ नाही, नुसता अंगावर टाकू.

परत आले तर मागच्या खोलीत फळीवर आईला ठेवलेलं होतं, पांढऱ्या चादरीखाली. पाणी तापलं होतं. पाच बायका पदर खोचून तयार, रंभाबाई सगळ्यांत पुढे हळदीची वाटी घेऊन. कामिनी आत शिरली आणि तिनं दार लावून घेतलं.

बाहेर गलका झाला. असं कसं, एकटी पोर, रीत काय, लोक काय म्हणतील. कुसुमताईंनी दार वाजवलं. कामिनीला काही सुचेना. आणि मग तिच्या तोंडातून तेच निघालं जे सोळा वर्षांपूर्वी तिच्या आईच्या तोंडातून निघालं होतं.

"आईचा नेम आहे, मोठी आई. माह्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

गलका थांबला नाही, पण खाली आला. नेम जिवंतपणीचा, मेल्यावर कशाचा, असं कुसुमताई म्हणत होत्या. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, दाराला अगदी लागून.

"वहिनी, मागे व्हा. इंदूचा नेम आहे. कोणी आत जाणार नाही."

दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला. ज्या दारानं त्यांना सोळा वर्षं बाहेर ठेवलं, तेच दार ते राखत उभे होते.

कामिनीनं चादर बाजूला केली. पहिल्यांदाच पाहिलं तिनं. त्या दुखण्यानं आईचं सगळं अंग काळवंडलं होतं, चामडी हाडांना चिकटली होती, आणि तेवढीच एक जागा पांढरी, मऊ, काही न झाल्यासारखी. तिनं पाणी घातलं. हळद लावली. हात, पाय, पोट, तिथेही. पाठ राहिली. कुशीवर वळवायला गेली तर आई हलेना. मेलेलं माणूस जड होतं हे तिनं ऐकलं होतं. पस्तीस किलोची तिची आई एवढी जड होईल असं तिला वाटलं नव्हतं. एकदा खांद्याकडून जोर लावला, एकदा कमरेकडून. फळी डगमगली. आई पडली असती. कामिनी तशीच ओल्या जमिनीवर बसली, पाणी गार होत होतं, बाहेर कोणीतरी तिरडीच्या बांबूचं विचारत होतं.

एकट्यानं होत नव्हतं. वचन देताना दोघींपैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं.

कुसुमताईंना बोलवावं? रंभाबाईंना? तिच्या डोळ्यांसमोर देवकीमावशी आली, जिला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दारातून फेकलेलं पाणी आलं. तिनं कडी काढली, दार बोटभर उघडलं.

"बाबा, तुम्ही आत या."

बाबांनी मान हलवली. त्यांचे डोळे लाल होते. "माह्यानं नाही होणार बेटा. तिनं देवीले शब्द देला आहे."

"नेम नव्हता, बाबा," कामिनी त्यांच्या कानाशी म्हणाली. "तुम्ही या. मग सांगते."

सांगावं लागलं नाही. ते आले, दार लागलं, त्यांनी खांद्याकडून धरायला हात पुढे केले, थांबले, दुपट्टा खांद्यावरून काढून खुंटीला अडकवला. आणि मग त्यांना दिसलं. खोलीत ट्यूबलाइट होती. त्यांनी वर त्या दिव्याकडे पाहिलं, आणि सवयीचा माणूस जे करतो तेच केलं. जाऊन मागच्या परसाकडची खिडकी उघडली. तिकडे फक्त भिंत आणि सीताफळाचं झाड. दुपारचं ऊन तिरपं आत आलं, फळीवर पडलं. बाबा त्या उन्हात वाकून पाहत राहिले, जसे ते साडीच्या पदराकडे पाहायचे, घाई न करता.

"एवढंच?" ते म्हणाले. कामिनीला नाही. "एवढंच होतं, इंदू?"

कामिनीनं तोंडात पदर कोंबला. बाबांनी आईच्या पाठीखाली हात घातला आणि तिला कुशीवर घेतलं, आपल्या छातीशी, शर्ट भिजला तरी. तशीच धरून ठेवली. कामिनीनं पाठ धुतली, दोनदा धुतली, तिसऱ्यांदाही धुतली, कारण ते सोडत नव्हते. मग त्यांनी स्वतः हिरवं पातळ नेसवलं, निऱ्या घातल्या, कापड हाताळणारा माणूस तो, एकही निरी वाकडी नाही. ब्लाउजपीस छातीवर पसरला. रंग तंतोतंत जुळला होता.

दार उघडलं तेव्हा अर्धा तास झाला होता. कुसुमताईंनी आधी बाबांचा भिजलेला शर्ट पाहिला, मग त्यांचा चेहरा. पुरुष माणूस आत, आणि एवढा वेळ काय चाललं होतं, त्यांनी विचारलं. पाचही जणी ऐकायला थांबल्या. मनोहररावांनी कधी कोणाला उत्तरावाचून ठेवलं नव्हतं.

"नेमाचं होतं," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

तेरावं झाल्यावर दुकान उघडलं. बायका पायरीवर यायच्या, हळहळायच्या, आणि मग थोडं पुढे वाकून, कसा होता हो तो नेम, शेवटी कसा फेडला, असं विचारायच्या. कामिनीनं वाडीतून महिनाभराची सुट्टी घेतली होती, ती गल्ल्यावर बसायची. प्रत्येक वेळी ती बाबांच्या तोंडाकडे पाहायची. बाबा फॉल मोजत राहायचे. एक मीटर, दोन मीटर, अडीच. कोणाला काही सांगितलं नाही, घरी ऋषिकेशलासुद्धा नाही.

घरी त्यांनी आपलं अंथरूण देवघराच्या खोलीत आणून टाकलं होतं.

एके दुपारी शाळेच्या युनिफॉर्ममधली एक मुलगी आली, स्नेहसंमेलनाच्या झग्यासाठी कापडाचा तुकडा घेऊन. पांढरा दोरा द्या काका. कामिनीला वाटलं, आता बाबा हसतील, चौदा शेडी म्हणतील. बाबांनी तुकडा घेतला, चार रिळं काढली, पायरी उतरून उन्हात गेले. एक रीळ लावून पाहिलं. दुसरं पाहिलं. मुलगी वाट पाहत होती. तिसरं रीळ त्यांनी लावलंच नाही. नुसतं हातात धरून उभे राहिले. गल्लीतून एक स्कूटर गेली, एक भाजीची गाडी गेली. मुलीनं कामिनीकडे पाहिलं, बरोबर नाही का हो जुळत, म्हणाली.

कामिनी गल्ल्यावरून उठली, पायरी उतरली आणि बाबांच्या दंडाला धरून त्यांना सावलीत घेऊन आली.